मज्जारज्जूची इजा आणि इन्हेलर: आवळलेली श्वासनलिका उशिरा का सापडली?

मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली की हातपाय लुळे पडतात, ते सगळ्यांना दिसतं. त्याच इजेमुळे श्वास तोकडा होतो आणि खोकल्यातला जोर जातो. हे मात्र घरच्यांना बरेचदा पहिला न्यूमोनिया झाल्यावरच कळतं. दम्याची इन्हेलरमधली औषधं या रुग्णांना उपयोगी पडतात का, याच्या पद्धतशीर चाचण्या १९९० च्या दशकात सुरू झाल्या. तोवर इन्हेलर बाजारात येऊन तीस-पस्तीस वर्षं उलटली होती.

उशिराचं पहिलं कारण सरळ आहे: या इजेनंतर माणसं जगतच नव्हती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये मान निखळून हातपायांची जाणीव गेलेल्या माणसाचं वर्णन आहे, आणि हा आजार उपचार करण्याजोगा नाही असा स्पष्ट शेराही आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत परिस्थिती फारशी बदलली नव्हती. लघवीचा जंतुसंसर्ग आणि अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा यांनी बहुतेक जखमी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. १९३० च्या दशकात बोस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी आणि १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभे केले. कूस बदलणं, मूत्राशयाची काळजी, व्यायाम, आणि पुढे प्रतिजैविकं. यांतून माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. मूत्रपिंडं निकामी होऊन होणारे मृत्यू घटले तेव्हा मृत्यूच्या कारणांत फुप्फुसांचे आजार वर आले.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळा दोष स्नायूंच्या माथी मारला गेला. त्यात तथ्य होतंच. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वास घेण्याच्या मुख्य स्नायूला, चालवणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते, त्यामुळे इजा त्याखाली असेल तर श्वास आत घेता येतो. पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू छातीच्या पातळीवरच्या नसांवर चालतात, आणि ते लुळे पडतात. जोरात श्वास सोडायला आणि खोकायला हेच स्नायू लागतात. पोट सैल पडल्यामुळे बसल्यावर श्वासपटल खाली सरकतं आणि त्याची ओढ कमी होते. म्हणून यातल्या अनेकांना बसण्यापेक्षा आडवं पडून श्वास घेणं सोपं जातं, आणि बसताना पोटाला पट्टा बांधला की बरं वाटतं. स्नायूंवरून इतकं सगळं उलगडत असताना श्वासनलिकेकडे कोण बघणार?

तपासणीचे आकडेही तसेच फसवे होते. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचं, म्हणजे श्वासातली हवा मोजणाऱ्या यंत्रावरचं, आपलं काम प्रसिद्ध केलं. त्या पद्धतीतूनच आजची फुंकण्याची चाचणी आली. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सगळी हवा जोरात सोडायची. त्यातली पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली आणि एकूण किती, हे मोजतात. दम्यात पहिला आकडा जास्त घसरतो, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर खाली येतं आणि नलिका आवळल्याचं लक्षात येतं. मानेच्या इजेत दोन्ही आकडे एकदमच घसरतात, गुणोत्तर जवळपास ठीक राहतं, आणि अहवालात ‘फुप्फुसं पुरेशी भरत नाहीत’ एवढाच निष्कर्ष येतो. अडथळा असला तरी या आकड्यांत तो दिसत नाही.

औषध मात्र केव्हाच तयार होतं. धोत्र्याचा धूर दम्यावर ओढण्याची पद्धत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला पोचली. त्या धुरात अ‍ॅट्रोपिनच्या जातीची, श्वासनलिका सैल करणारी द्रव्यं असतात. दाबून फवारा घ्यायचा इन्हेलर १९५६ मध्ये आला, नलिका सैल करणारं साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये, आणि अ‍ॅट्रोपिनचाच सुधारित वंशज म्हणावा असं इप्राट्रोपियम १९७० च्या दशकात.

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात अ‍ॅन स्पंजन, विल्यम बाउमन, पीटर अल्मेनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन धागे जोडले. मानेची जुनी इजा असलेल्या, एरवी प्रकृती स्थिर असलेल्या लोकांची आधी फुंकण्याची चाचणी घ्यायची, मग श्वासनलिका सैल करणारं औषध द्यायचं, थोडं थांबून पुन्हा चाचणी घ्यायची. १९९३ आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोकांचे आकडे लक्षणीय सुधारले. औषधानं नळी सैल झाली याचा अर्थ ती आधी आवळलेली होती. नलिका आवळणारं मेथाकोलिन हुंगायला दिल्यावर यातल्या बऱ्याच जणांच्या नलिका दम्याच्या रुग्णांसारख्या अगदी कमी मात्रेत आवळल्या, हेही १९९४ मध्ये दिसलं. दम्याचा पूर्वेतिहास नसलेली ही माणसं होती.

असं का व्हावं? नलिका आवळण्याचा हुकूम नेणारी व्हेगस नस थेट मेंदूच्या बुंध्यातून निघते. ती मज्जारज्जूतून जातच नाही, म्हणून इजेतून वाचते. तिला तोल देणारी, उलट हुकूम नेणाऱ्या नसांची सिम्पथेटिक यंत्रणा मात्र छातीच्या पातळीवरून निघते आणि तिचा मेंदूशी संपर्क तुटतो. अ‍ॅड्रेनल ग्रंथींचा हुकूमही त्याच वाटेवर असल्यानं रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन कमी राहतं. व्हेगसला आवर घालणारं कोणी उरत नाही. इप्राट्रोपियम नेमका व्हेगसचाच संदेश अडवतं, त्यामुळे त्याचा गुण येणं या तर्काशी जुळतं. लघवीच्या तक्रारीसाठी ऑक्सिब्युटिनिन (तेही अ‍ॅट्रोपिनसारखं असे संदेश अडवणारं) घेणाऱ्यांच्या नलिका मेथाकोलिनला तितकी दाद देत नाहीत, असं याच गटाला आढळलं. मूत्राशयाचं औषध श्वासाच्या चाचणीत असं डोकावतं. दुसराही एक विचार आहे: खोल श्वासानं नलिका ताणल्या जातात आणि मोकळ्या राहतात, आणि या रुग्णांना तो ताणच मिळत नाही. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, आणि मला तरी तेच पटतं.

२००६ मध्ये साल्ब्युटामॉलच्याच कुळातल्या, पण जास्त वेळ टिकणाऱ्या सॅलमेटेरॉलचा अभ्यास आला. १३ जण, चार आठवडे, औषध आणि खोटं औषध आलटून पालटून. औषधाच्या काळात फुंकण्याचे आकडे वाढले, शिवाय श्वास आत ओढण्याचा आणि बाहेर ढकलण्याचा दाबही वाढला. हे नुसत्या नलिका सैल झाल्यानं होत नाही. या जातीची औषधं स्नायूंना बळ देतात का, हा प्रश्न त्याआधीही होता. १९९५ च्या एका चाचणीत याच कुळातलं मेटाप्रोटेरेनॉल गोळीवाटे दिल्यावर मज्जारज्जूच्या रुग्णांच्या हाताची ताकद वाढली होती. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नुकतीच इजा झालेल्यांवर साल्ब्युटामॉल तपासलं, आणि तिथेही तात्पुरती सुधारणा दिसली.

प्रत्यक्ष वापरात अडचणी उरतात. बोटांत पकड नसलेल्याला इन्हेलर दाबता येत नाही, आणि औषध आत ओढून श्वास रोखून धरायचा तर आधी तो खोल घेता यायला हवा. म्हणून स्पेसर (फवारा साठवणारी नळी), मास्क किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं यंत्र) लागतो, आणि बरेचदा दुसऱ्याचा हातही. इप्राट्रोपियमनं कफ घट्ट होईल अशी धास्ती डॉक्टरांना असते, कारण इजेनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत काही जणांना आधीच भरपूर, चिकट कफ येतो आणि तो खोकून काढायचं बळ नसतं.

या चाचण्यांत सहभागी झालेले बहुधा डझन-दोन डझन लोक, मुदत काही तास ते काही आठवडे, आणि मोजमाप फुंकलेल्या हवेचं. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच: कफ सुटतो का, न्यूमोनिया टळतो का, दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात का. चार आठवड्यांत ते कळत नाही. त्यासाठी वर्षभर तरी लक्ष ठेवावं लागेल, आणि एका केंद्रात तेवढे रुग्ण नसल्यानं अनेक केंद्रांना एकत्र यावं लागेल.