दगडातून आलेली हवा

कुठल्याही एमआयडीसीत फेरफटका मारा, 'येथे आर्गन वेल्डिंग करून मिळेल' ही पाटी हमखास दिसते. तापलेल्या स्टीलला ऑक्सिजन लागू नये म्हणून टॉर्चच्या तोंडातून हा वायू सोडतात. तो कुणी तयार करत नाही. साधी हवा थंड करून द्रवरूप करायची आणि उणे 186 अंशांना उकळणारा भाग वेगळा काढायचा, की झाला आर्गन.

आपल्या हवेत तो 0.93 टक्के आहे. ज्याच्या नावानं आपण रोज खडे फोडतो तो कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04. शांत बसून घेतलेल्या एका श्वासात चहाचा चमचाभर आर्गन आत जातो आणि काहीही न करता बाहेर येतो. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थच मुळी 'आळशी'.

हा आळशी सापडला तो वजनातल्या फरकामुळे. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला 1.2572 ग्रॅम भरायचा, रसायनांपासून बनवलेला 1.2505. अर्ध्या टक्क्याचा फरक दुसऱ्या कुणी सोडून दिला असता, पण ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी तो धरून ठेवला. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा फिरवून शोषून घेतला. तरी थोडा वायू उरलाच. हे 1894 साल. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांना तर आधी हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा प्रकार वाटला होता.

खरी गंमत पुढे आहे. ताऱ्यांमध्ये तयार होणाऱ्या आर्गनचा अणू मुख्यतः 36 वजनाचा असतो, आपल्या हवेतला मात्र 99.6 टक्के 40 वजनाचा. तो आला पायाखालच्या खडकांतून. खडकांत पोटॅशियम असतं आणि त्याचा अगदी थोडा भाग किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, 125 कोटी वर्षं. त्यातले शंभर अणू फुटले तर 89 कॅल्शियम होतात आणि 11 आर्गन. आर्गन कुणाशी जोडला जात नाही, नुसता स्फटिकात अडकून पडतो. खडक वितळला की सुटतो आणि ज्वालामुखीच्या तोंडातून वर येतो. हेलियमसारखा हलका नसल्यामुळे अवकाशात निसटत नाही, साचत राहतो.

सह्याद्रीचा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आहे हे आपण याच हिशेबावर सांगतो. लाव्हा थिजला तेव्हा आतला आर्गन जवळपास शून्य होता. नंतर जमलेला मोजायचा.

शेजाऱ्यांकडे पाहा. शुक्राच्या हवेत खडकातून आलेला आर्गन पृथ्वीच्या साधारण पाव हिस्साच आहे, म्हणजे त्याच्या पोटातला बराचसा वायू अजून बाहेरच पडलेला नसावा. मंगळाचं उलट. तिथला हलका (36 वजनाचा) आर्गन जड (38 वजनाच्या) आर्गनपेक्षा जास्त उडून गेलाय. हे प्रमाण मोजून नासाच्या 'मेव्हन' या मंगळयानाच्या शास्त्रज्ञांनी 2017 साली सांगितलं, की मंगळाच्या हवेत आजवर आलेल्या आर्गनपैकी सुमारे 65 टक्के अवकाशात गेला. कशाशी संयोगच न पावणारा वायू हरवला, तर जाणार कुठे?

चंद्रावर हवा म्हणावी असं काही नाही. तरी तिथेही चांद्रयान-2 च्या 'चेस-2' या उपकरणाला 40 वजनाचा आर्गन सापडला. चंद्राच्या रात्री तो गारठलेल्या जमिनीला चिकटून बसतो आणि सूर्य उगवला की पुन्हा वर उठतो.