गोव्यातून हिमालयात ट्रेकला जाताय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

हिमालयातल्या ट्रेकचा ऑनलाइन फॉर्म भरायला पंधरा मिनिटं पुरतात. नाव, फोटो, पैसे, झालं. त्यात कोणी अडत नाही. तरी वाळपईपासून काणकोणपर्यंतचे अर्ज परत येतच राहतात, आणि कारणं बघावीत तर तीच ती. गोव्यात अर्ज म्हटला की आपण सवयीने मामलेदाराकडे जातो आणि पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढून आणतो. इथे तो कोणी मागितलेलाच नसतो. जे मागितलंय ते मात्र गाडी सुटायच्या आदल्या रात्री आठवतं.

आधी ठरवा, जायचंय कुठे

संस्थेने किंवा कंपनीने नेलेला ट्रेक वेगळा, गिर्यारोहणाचा कोर्स वेगळा आणि शिखर मोहीम वेगळी. हिमाचलातल्या कसोलहून निघणाऱ्या सार पाससारख्या ट्रेकला आधीचा अनुभव लागत नाही. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनतर्फे जायचं तर आधी त्यांचं सदस्यत्व घ्यावं लागतं, इतकंच. दार्जिलिंग किंवा उत्तरकाशी इथल्या गिर्यारोहण संस्थांचा बेसिक कोर्स जवळजवळ चार आठवड्यांचा असतो. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली नसेल तर ॲडव्हान्स कोर्सचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही. मोठ्या शिखरांची परवानगी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडून घ्यावी लागते. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या फॉर्मवर आईवडिलांची सही लागते. ट्रेकवर सोबत जाणाऱ्या काकांची चालत नाही.

डॉक्टरांचा दाखला

सगळ्यात जास्त अर्ज इथे परत येतात. लेटरहेडवर ‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त’ अशी एक ओळ लिहून आणलेला दाखला नोकरीला चालत असेल, ट्रेकला चालत नाही. आयोजकांचा स्वतःचा नमुना असतो. तोच छापून न्या आणि डॉक्टरांसमोर बसून भरून घ्या. रक्तदाबासमोर आकडा हवा. तिथे नुसती बरोबरची खूण केलेला फॉर्म मी पाहिलाय. शिक्का ठळक, सही झोकदार, आणि अर्ज परत. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात नसेल तर हाताने लिहून घ्या. बऱ्याच फॉर्मवर एमबीबीएस डॉक्टर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गावातल्या वैद्यांच्या हाताला कितीही गुण असला तरी तिथे त्यांची सही उपयोगाची नाही. आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा इस्पितळात जा.

तारीखही बघा. बुकिंगच्या उत्साहात जानेवारीत काढलेला दाखला मेच्या बॅचला जुना ठरतो. फॉर्मवर जी मुदत लिहिली असेल तिच्या आतलाच हवा.

आणि कळकळीने सांगतो, दमा किंवा रक्तदाब लपवू नका. बेस कॅम्पवर पुन्हा तपासतात. आपण समुद्रसपाटीवरची माणसं. सार पास जवळजवळ १३,८०० फुटांवर आहे. इथे गोळीवर आटोक्यात असलेला रक्तदाब तिथे तसाच राहील याची खात्री नाही. बेस कॅम्पवरून परत पाठवलं तर पैसे गेले, रजाही गेली.

नावाचं स्पेलिंग

हे दुखणं खास आपलं. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, ‘क’ला सी आणि ‘श’ला एक्स. शाळेत गेल्यावर सीचा के झाला, आधारवर वडिलांचं नाव मध्ये आलं, आणि पॅन कार्डावर तिसरंच काहीतरी. चेकपोस्टवरच्या शिपायाला आपला इतिहास ठाऊक नसतो, आणि असावा अशी अपेक्षाही नको. त्याच्या हातात परमिटची यादी असते, तो अक्षराला अक्षर लावून बघतो. यासाठी लगेच सिव्हिल रजिस्ट्रारकडे नाव बदलायला धावू नका. प्रवासात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं स्पेलिंग जसंच्या तसं फॉर्मवर, डॉक्टरांच्या दाखल्यावर आणि तिकिटावर उतरवा. एवढ्याने काम भागतं.

पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर

घरात एकाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय, बाकीचे भारतीय, हे गोव्यात नवं नाही. ट्रेकच्या फॉर्मवर मात्र सगळे सरसकट ‘भारतीय’वर खूण करतात. ‘आधार आहे ना माझ्याकडे!’ आहे, पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही; ठरावीक काळ भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकालाही आधार मिळतं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया), म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड; त्याच्या नावात ‘सिटिझन’ असलं तरी कायद्याने तुम्ही परदेशी नागरिकच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

याचा ट्रेकशी संबंध असा: गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला काही गोष्टींसाठी खास परवानगी लागते. त्यात गिर्यारोहण नाव घेऊन लिहिलेलं आहे, आणि संरक्षित किंवा प्रतिबंधित क्षेत्रात जाणंही. मनालीजवळच्या साध्या ट्रेकला याची झळ सहसा बसत नाही. पण सिक्कीमचा गोएचा ला, अरुणाचलातला कुठलाही ट्रेक, लडाखच्या सीमेलगतचे भाग म्हटले की परमिटचा प्रकारच बदलतो. अरुणाचलसाठी भारतीयांना इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं. ओसीआयधारकाला ते मिळत नाही, त्याला परदेशी नागरिकांसारखं प्रोटेक्टेड एरिया परमिट काढावं लागतं. ते बहुधा नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फत निघतं आणि त्याला वेळ लागतो. नवऱ्याचं परमिट दोन दिवसांत आलं म्हणून ओसीआय असलेल्या बायकोचंही येईल असं धरून चालू नका. सगळं एकाच फॉर्मवर एकाच प्रकारात भरलं, तर दोघंही चेकपोस्टवर बसून राहतील.

आयोजकाला पहिल्याच फोनला सांगा, ‘आमच्यात एकजण ओसीआय आहे.’ कार्यालयात फोन उचलणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ कळला नाही, तर वरच्या माणसाशी बोला. ‘चलता है’ हे उत्तर मानू नका. चाललं नाही तर नुकसान तुमचं होणार. जुनं मतदार ओळखपत्र दाखवून इनर लाइन परमिट काढायचा सल्ला देणारेही भेटतात. तो सरळसरळ खोटा दावा आहे, आणि त्यापायी ओसीआय कार्डच धोक्यात येऊ शकतं. खास परवानगीबद्दल शंका असेल तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर आधीच विचारणा करून ठेवा.

नेपाळ

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून लोक आधार घेऊन विमानतळावर पोचतात आणि काउंटरवरूनच परत फिरतात. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. पंधराखालची मुलं आणि पासष्टीपुढचे ज्येष्ठ यांनाच आधारची सवलत आहे. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावाच लागतो, आणि परतताना भारतात शिरायला ओसीआय कार्ड जवळ हवं. ते मडगावला कपाटात ठेवून जायचं नाही.

तारखा

बॅचची तारीख म्हणजे बेस कॅम्पला हजर व्हायची तारीख. त्या दिवशी गोव्यातून निघायचं नसतं. हसू नका, दरवर्षी कोणीतरी असं तिकीट काढतंच. गोवा एक्सप्रेसने वास्कोहून निजामुद्दीनला पोचायला दीड दिवसाहून जास्त लागतो, मग दिल्लीहून रात्रभराची बस भुंतरपर्यंत, मग कसोल. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा; पावसाळ्यात घाटात रुळांवर दरड आली तर तोही पुरत नाही. पैसे परत मिळण्याची मुदतही आयोजक हजेरीच्या तारखेपासून मागे मोजतो. तुमच्या रेल्वे तिकिटाशी त्याला देणंघेणं नसतं.

रूपकुंडची जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी मुक्काम कुठे ते विचारा. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, आणि त्या वाटेवरचे नेहमीचे तळ बुग्यालांवरच होते. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा ट्रेक निवडा.

विमा काढताना साहसी खेळ वगळलेत का आणि उंचीची मर्यादा किती, या दोन ओळी शोधून वाचा. परमिट आणि ओळखपत्राच्या कागदी झेरॉक्स चार-पाच घ्या. वर नेटवर्क नसतं, आणि फोन थंडीने बंद पडला की त्यातल्या पीडीएफचा काही उपयोग नाही.