मुलांची एक दिवसाची गोल्फ स्पर्धा: पालकांनी आधी वाचून ठेवावं असं

नाव नोंदवल्यावर तुमच्या हाती पडतो तो ड्रॉ. कोण कुणाबरोबर, कुठल्या टीवरून (म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून), किती वाजता, एवढंच त्यात असतं. पण आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. दिवस एकच आणि उजेड मोजका. समजा 60 मुलं आहेत, म्हणजे तिघातिघांचे 20 ग्रुप. सगळे पहिल्या टीवरून 10-10 मिनिटांनी सोडले, तर शेवटचा ग्रुप पहिल्यानंतर 3 तास 10 मिनिटांनी सुटणार, आणि त्याचे होल (टीपासून बॉल खड्ड्यात जाईपर्यंतचे टप्पे) तिथून पुढे. म्हणून निम्मे ग्रुप आम्ही पहिल्या होलवरून सोडतो, निम्मे दहाव्यावरून. मग दीड तासात सगळे कोर्सवर असतात. शॉटगन स्टार्ट हाही एक मार्ग आहे: प्रत्येक ग्रुप वेगळ्या होलवर जाऊन थांबतो आणि भोंगा वाजला की सगळे एकदम सुरू. परतही साधारण एकाच वेळी येतात, त्यामुळे बक्षीस समारंभ ताटकळत नाही. पण 8 वर्षांच्या मुलाला बॅग ओढत पार तेराव्या होलपर्यंत नेऊन मग खेळायला लावणं आम्हाला पटत नाही. लहान गटाला आम्ही 9 होल आणि पुढच्या, म्हणजे खड्ड्याच्या जवळच्या, टी देतो.

वय कोणत्या तारखेला धरायचं, ते स्पर्धेच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. ते एकदा बघा, म्हणजे ऐनवेळी गट बदलावा लागणार नाही.

टीवरची वेळ म्हणजे क्लबहाउसला पोचायची वेळ नव्हे. 5 मिनिटांपर्यंत उशीर झाला तर 2 स्ट्रोकचा (फटक्यांचा) दंड, त्याहून जास्त झाला तर मूल स्पर्धेबाहेर. गाडी लावायला जागा मिळाली नाही, हे कारण स्टार्टर दरवेळी ऐकतो आणि दरवेळी त्याला काहीच करता येत नाही. आदल्या रात्री बॅगेतले क्लब (गोल्फच्या काठ्या) मुलाकडूनच मोजून घ्या. 14 पेक्षा जास्त चालत नाहीत, आणि सरावाला घेतलेली बाबांची वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) हमखास तळाशी राहून जाते. बॉलवर मार्करनं खूणही करून ठेवा. एकाच ग्रुपमध्ये एकाच बनावटीचे, एकाच नंबरचे दोन बॉल निघाले की खरी पंचाईत होते.

खेळ अडकून राहू नये म्हणून लहान गटांत आम्ही एका होलचा कमाल स्कोअर ठरवून देतो, बहुधा पारच्या (त्या होलला अपेक्षित फटक्यांच्या) दुप्पट. पार 4 असेल तर 8 झाले की बॉल उचलायचा आणि पुढच्या होलकडे निघायचं. यात कमीपणा काही नाही, नियमांतच तशी सोय आहे.

तुम्ही कुठे असायचं

फेअरवेच्या (टीपासून खड्ड्याकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) बाहेर, आवाज पोचणार नाही इतक्या लांब. मुलानं तुमच्याकडे वळून ‘कुठला क्लब घेऊ?’ असं विचारलं, तर 2 स्ट्रोकचा दंड त्याला बसतो, कारण सल्ला फक्त स्वतःच्या कॅडीलाच (बॅग सांभाळणाऱ्या सोबत्यालाच) विचारता येतो. पालकांनी कॅडी व्हायचं की नाही, ते त्या-त्या गटाच्या अटींवर ठरतं. हरवलेला बॉल शोधायला मात्र जरूर मदत करा. त्यासाठी मिळतात 3 मिनिटं, आणि ती मोजायची मूल किंवा त्याचा कॅडी शोधायला लागल्यापासून. तुम्ही आधीच झुडपात वाकून शोधत असलात तरी घड्याळ सुरू होत नाही.

भोंग्याचा एकच लांब आवाज आला तर वीज जवळ आहे असं समजा. खेळ त्या क्षणी थांबतो, हातातला पटसुद्धा (बॉल खड्ड्याकडे हळूच लोटायचा फटकासुद्धा) मारायचा नाही. दोन छोटे आवाज झाले की पुन्हा सुरुवात.

स्कोअरकार्डाचं टेबल

मैदानात रडतात त्यापेक्षा जास्त मुलं इथे रडतात. आपला स्कोअर मूल स्वतः लिहीत नाही. ग्रुपमधलं दुसरं कुणीतरी त्याचं मार्कर असतं आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. सातव्या होलवर झाले 6, मार्करनं लिहिले 5, मुलानं न बघता सही करून कार्ड दिलं, तर मूल बाद. उलट 6 च्या जागी 7 लिहिले गेले असतील, तर ते 7 कायम राहतात. बेरीज चुकली तर हरकत नाही, बेरीज करणं आमचं काम आहे. प्रत्येक होलचा आकडा बरोबर आहे ना, ते पाहणं मुलाचं. म्हणून टेबलाशी आम्ही फक्त खेळाडूंना येऊ देतो. ‘शेवटचा पट किती इंचांनी हुकला’ ही चौकशी कृपया कार्ड जमा झाल्यावरच करा.

बरोबरी झाल्यास आम्ही प्ले-ऑफ (निकालासाठी जादा होल) खेळवत नाही. 18 होलच्या गटांत आधी शेवटच्या 9 होलची बेरीज, मग 6 ची, मग 3 ची आणि अखेर अठराव्या होलचा स्कोअर पाहतो. खेळ दहाव्यापासून सुरू केला असला तरी ‘शेवटचे 9’ म्हणजे 10 ते 18 हेच. शेवटचं कार्ड येईपर्यंत फलकावरचा क्रम कच्चा असतो. तिसऱ्या क्रमांकाचं मूल कधीकधी तेवढ्यात घरी निघून गेलेलं असतं.