कृष्णधवल स्लाइड आणि रंगीत रसायनं

फिल्म डेव्हलप केली की आधी निगेटिव्हच मिळते, म्हणजे उजेड काळा आणि सावली पांढरी. तिची स्लाइड, म्हणजे पडद्यावर दाखवायचं सरळ पारदर्शक चित्र, करायची तर ती उलटवावी लागते. उजेड पडला तिथली काळी चांदी ब्लीचमध्ये विरघळवायची, उरलेल्या फिल्मला पुन्हा उजेड दाखवायचा आणि दुसऱ्यांदा डेव्हलप करायचं.

ही युक्ती फार जुनी. ल्युमिए बंधूंची १९०७ ची ऑटोक्रोम प्लेट अशीच धुतली जाई. तिच्यातले रंग होते बटाट्याच्या स्टार्चच्या रंगवलेल्या कणांचे. त्यांच्यामागचं चित्र निखळ कृष्णधवल! १९२३ मध्ये कोडॅकने हौशी लोकांसाठी काढलेली १६ मिलिमीटरची फिल्मही उलटवायचीच. (काचेवरची चित्रं पडद्यावर पाहणं आपल्याकडे त्याआधीपासून होतं. कल्याणचे पटवर्धन १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे जादूच्या कंदिलाचे, खेळ करत.)

पुढे १९३५ ची रंगीत कोडाक्रोम फिल्म आली, १९७० च्या दशकात रंगीत स्लाइड धुवायची ई-६ पद्धत आली, पण पहिलं रसायन कृष्णधवल डेव्हलपरच राहिलं. रंग दुसऱ्या डेव्हलपरमध्ये चांदीच्या सोबतीने तयार होतो आणि मग सगळी चांदी धुऊन जाते. म्हणजे कृष्णधवल स्लाइडमध्ये ब्लीच मधे येतं, रंगीतमध्ये शेवटी. साधा कृष्णधवल रोल ई-६ मध्ये टाकला तर तो पार कोरा निघतो, तो यामुळेच.

इल्फर्डने १९८० च्या सुमारास एक्सपी-१ ही फिल्म आणली आणि एक नवी वाट उघडली. चित्र कृष्णधवल, पण चांदीचं नाही, डायचं (रंगद्रव्याचं). धुवायचं रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ रसायनांत. तिची वारस एक्सपी-२ ई-६ मध्ये धुतली की थेट स्लाइड मिळते, कारण रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक तिच्यात नाही. फक्त निगेटिव्ह फिल्मचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, मुळात मवाळ, त्यामुळे पहिल्या डेव्हलपरमध्ये वेळ वाढवावा लागतो. नाहीतर पडद्यावर चित्र सपाट दिसतं.

मला जवळची वाटते ती उलटी वाट: मुदत संपलेली रंगीत स्लाइड फिल्म कृष्णधवल रसायनांत उलटवायची. तिच्यात बारीक चांदीचा एक पिवळा थर असतो, निळा उजेड खालच्या थरांपर्यंत जाऊ नये म्हणून. नुसती निगेटिव्ह केली तर तो तसाच राहतो. उलटवताना ब्लीच त्यालाही घेऊन जातं.

नागपुरात मात्र पाण्याचं तापमान आडवं येतं. ई-६ ला ३८ अंश लागतात, ते मे महिन्यात गच्चीवरची टाकी फुकट देते. कृष्णधवलला हवेत २० अंश. ब्लीच म्हणून मी पोटॅशियम परमँगनेट वापरतो, विहिरीत टाकतात तेच, गंधकाम्लासोबत. डायक्रोमेट त्याहून नेमकं काम करतं, पण ते इतकं विषारी की मी घरात आणत नाही. परमँगनेटने फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं. पहिल्या उन्हाळ्यात मी बर्फ न घालता धुवायला घेतलं आणि फुटाळा तलावाच्या काठावर काढलेली अख्खी चित्रं सायीसारखी सुटून बादलीत आली.

आता हे काम मी जानेवारीसाठी ठेवतो. धंतोलीतल्या आमच्या मोरीत सकाळी नळाचं पाणी हातांना झोंबतं. ब्लीचचे डाग काढणाऱ्या सल्फाइटच्या पाण्यातून काढलेली फिल्म दुधाळ, जवळजवळ कोरी दिसते. ती बल्बखाली फिरवून दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सोडली की मिनिटभरात आधी झाडांच्या सावल्या काळ्या होतात, मग पाणी, आणि आभाळ तेवढं पांढरं राहतं.