लग्नपत्रिकेलाही परवानगी : गोवा मुक्तिलढ्याची पार्श्वभूमी

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात लग्न ठरले, की पत्रिका छापण्याआधी तिचा मजकूर सरकारी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावा लागे. पत्रिकेची ही गत, तर वर्तमानपत्रांची काय असेल? सभेलाही परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलायला आले, तेव्हा भर पावसात लोक कशासाठी जमले होते ते या एका पत्रिकेवरून कळते. स्वराज्य पुढचे, आधी तोंड उघडायची मुभा हवी होती.

घराच्या उंबऱ्याआत शिरणारे हे सरकार सालाझारपेक्षा फार जुने. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा बेट, म्हणजे तिसवाडी, जिंकले. पुढे बारदेश आणि साष्टी हे महालही पोर्तुगिजांकडे गेले. तिथली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेले. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज मुंबई-पुण्याहून कुलदैवताला जाणारी कित्येक कुटुंबे, ही गावे ज्या भागात आहेत त्या फोंड्याकडे वळतात, ती या पळापळीमुळे.

जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांची तरी सुटका झाली का? नाही, आणि आपल्याकडे हेच बहुधा सांगितले जात नाही. १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, सगळ्यात कडक पहारा धर्मांतरितांवर होता. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले : तीन वर्षांत देशी भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. १७३६ च्या हुकूमनाम्याने तर ख्रिस्ती घरांतल्या लग्नाची गाणी, अंगणातली तुळस आणि पुरुषांचे धोतर यांवरही बंदी घातली. आईच्या भाषेत ओवी म्हणणे हा गुन्हा ठरला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या माणसासाठी. इन्क्विझिशन कायमचे बंद झाले १८१२ मध्ये.

विरोधही तितकाच जुना. साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांची देवळे सैन्याने जाळली होती. १५८३ मध्ये त्यांनी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाद्र्यांना मारले आणि त्यानंतर कर देणे थांबवले. पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथेच ठार केले. असोळणे हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येते.

१७८७ चा पिंटोंचा कट ख्रिस्ती धर्मगुरूंनी रचला. मूळचा गोमंतकीय पाद्री कितीही विद्वान असला, तरी वरची पदे गोऱ्यांनाच मिळत. या अपमानातून कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती राज्य उलथण्याचा बेत शिजला. कट फुटला, ४७ जण पकडले गेले, १५ जणांना देहदंड झाला.

सत्तरीच्या राण्यांची कथा वेगळी. नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात मागाहून घेतलेल्या मुलखातले, हे वतनदार. मानपान आणि हक्क यांसाठी ते वारंवार उठले. १८५२ मध्ये दीपाजी राणे, नंतर कुष्टोबा. १८९५ मध्ये पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, शिपाई बिथरले आणि दादा राणे त्यांना येऊन मिळाले. शेवटी दादांची रवानगी तिमोरला झाली. या बंडांना स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्याची मला घाई नाही, पण हत्यार उचलायची सवय सत्तरीने जिवंत ठेवली, एवढे नक्की.

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. गोव्याने पंधरा-सोळा वर्षे मोकळा श्वास घेतला. शाळा, वाचनालये, मराठी नियतकालिके निघाली. माझ्या मते १९४६ ची खरी ठिणगी इथे आहे. जे मिळून हिसकावले जाते, ते कधीच न मिळालेल्यापेक्षा जास्त सलते. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, मग सालाझार आला, आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना पुन्हा ताबेदार ठरवले. त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी सरकारी कौन्सिलातच उभे राहून स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. त्याआधी, १९२८ मध्ये, त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती.

म्हणूनच लोहिया आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. ते विश्रांतीसाठी आले होते, बर्लिनपासूनचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी. ते घर असोळण्यातले. मडगावच्या सभेत दोघांनाही अटक झाली, पण भीती मोडली ती मोडलीच. महिन्याभरात कुन्हा पकडले गेले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले.

१९४७ ला भारत स्वतंत्र झाला, गोवा नाही. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून तुकड्याच्या तुकड्या सरहद्द ओलांडून गेल्या. १५ ऑगस्टला नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आझाद गोमंतक दलाने हत्यारी मार्ग धरला. सांगलीहून गोव्यात मराठी शिकवायला गेलेले मोहन रानडे त्याच दलातले. बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये.