रोजच्या गाडीला डोंगर चढवताना

भोर तालुक्यात बैलगाडीची एक जुनी वाट आहे. पावसाने तिची माती कधीच धुऊन नेली, आता उरलेत नारळाएवढे दगड. त्या चढावर माझी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गियरमध्ये टाकूनही जागेवरच नाचत होती. चाक फिरायचं, दगड उडायचे, गाडी तसूभर हलायची नाही. शेवटी खाली उतरून चारही टायरांची हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणली. त्याच गियरला, त्याच चढावर गाडी शांतपणे वर निघाली. सीटवरची पाण्याची बाटलीसुद्धा लवंडली नाही.

हीच गाडी सोमवारी सकाळी मला पुण्यात कामावर नेते. अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की डोंगर हवा असेल तर कंबर पणाला लावावी लागणार. मला हे पटत नाही.

स्प्रिंगवर बसलेली गाडी खड्ड्यातून गेली की वरखाली डोलते. आरामशीर मोटारीत हा हेलकावा सेकंदाला एक ते दीड वेळा होतो. बसलेल्या माणसाला सगळ्यात जाचतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे हादरे, कारण पोट आणि पाठीचा कणा त्याच लयीत थरथरू लागतात. स्प्रिंग चौपट कडक केली की हेलकावे दुप्पट वेगाने होतात, म्हणजे आपण त्या जाचाकडे सरकतो. आता दगडांत काय लागतं ते बघा. चाक खोल खाली जायला हवं, उंच वर यायला हवं आणि जमीन सोडता कामा नये. त्यासाठीही मऊ, लांब स्प्रिंगच बरी. आराम आणि डोंगर इथे एकाच बाजूला आहेत!

भांडण लावतं ते हायवेवरचं वळण. मऊ स्प्रिंगची उंच गाडी वळणावर कलंडते. ते रोखायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार असतो. तोच बार दगडांत एका चाकाला दुसऱ्याशी बांधून ठेवतो आणि चाक हवेत लटकतं. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटण दाबून सोडवता येतो, तो याचसाठी.

आपल्याकडचं उदाहरण थारचं. २०१० च्या थारला मागे पाटे होते, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाट्यांना दोन कामं करावी लागतात, वजन पेलायचं आणि दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल जागेवर धरायचा. त्यामुळे ते फार मऊ करता येत नाहीत, शिवाय पानं एकमेकांवर घासतात आणि बारीक खड्डे थेट पाठीपर्यंत पोचतात. २०२० च्या थारमध्ये ॲक्सल धरायला वेगळे दांडे आले, कॉइल स्प्रिंगकडे फक्त वजन उरलं. अखंड ॲक्सल मात्र मागे कायम ठेवला, आणि ते योग्यच केलं. त्याचं एक टोक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, पकड सुटत नाही. त्याची किंमत शहरात मोजावी लागते: डाव्या चाकाचा खड्डा उजव्या बाजूलाही जाणवतो. मारुतीच्या जिम्नीत तर पुढेमागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत.

एवढा विचार करून बनवलेली गाडी लोक घेतात आणि महिन्याभरात लिफ्ट करतात. दोन इंच उंच स्प्रिंग, कडक शॉकअप, जाडजूड टायर. अखंड ॲक्सलमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरचा) गोळा स्प्रिंग उंच केल्याने एक मिलिमीटरही वर जात नाही, तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. गुरुत्वमध्य मात्र वर सरकतो आणि घाटातल्या वळणावर गाडी उलटण्याची भीती वाढते. वर गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. जड टायरचा त्रास वेगळा: ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात चाक जोरात आपटतं, ब्रेक लागायला उशीर होतो, डिझेल जास्त जातं.

म्हणून मी आधी हवेकडे बघतो. समजा गाडी १,८०० किलोची आहे, म्हणजे एका चाकावर ४५० किलो. ३२ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. टायर जमिनीला टेकतो साधारण २०० चौरस सेंटिमीटर, जेमतेम दीड पोस्टकार्ड. १८ ला तोच भाग साडेतीनशेवर जातो, मुख्यतः लांबीत वाढतो, आणि रबर दगडाला मिठी मारतं. वर टायर स्वतःच मऊ स्प्रिंग होतो, हादरा शॉकअपपर्यंत पोचण्याआधीच विरतो.

सोलापूर-लातूरकडच्या काळ्या मातीत एवढ्याने भागत नाही. ती माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत गोटा होऊन बसतं. तिथे रुंद खाचांचे मड टायर लागतात, जे डांबरावर सतत घुमतात. वर्षातून दोनदा चिखलात जाणाऱ्याने ते रोज ऐकू नयेत. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन टायर घ्यावेत आणि ऐन पावसात काळ्या रानात गाडी घालू नये.

हवा कमी असताना ताशी ३० किलोमीटरच्या आत राहायचं. वेगात टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटू शकते. १५ च्या खाली गेलात तर तीव्र वळणात टायर रिमवरून निसटू शकतो. डांबर लागलं की आधी थांबून हवा भरायची. चाललेला टायर गरम असतो आणि गेज थोडं जास्त दाखवतं, त्यामुळे खरा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी काढण्याआधी बघायचा.