उजेड हवा, ऊन नको

पणजी-पर्वरीकडे नव्या इमारती काचेने मढू लागल्या आहेत. इमारत हलकी दिसावी, आत बसून बाहेरचे झाड, नदी दिसावी, ही ओढ मला मनापासून पटते. सहा मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १५ किलो भरते; फूटभर जाडीची चिऱ्याची भिंत तेवढ्याच जागेत पाचशे किलोंच्या वर जाते. सगळा भार खांबांनी पेलला, तर भिंत काचेची का नसावी?

अडचण उन्हाची आहे. सूर्याच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. साधी काच उजेडाबरोबर त्यांतले बरेचसे आत सोडते. त्यांनी फरशी, टेबल, पडदे तापतात आणि स्वतः उष्णता फेकू लागतात. या उष्णतेची तरंगलांबी मात्र १० मायक्रॉनच्या आसपास असते आणि ती काचेतून आरपार जात नाही. ऊन आत येते, उष्णता कोंडते, एसी राबत राहतो. काचेवर दहाएक नॅनोमीटरचा चांदीचा थर दिला, तर अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात परततात. उपाय चांगला आहे, पण आत आलेल्या उजेडाचीही शेवटी उष्णताच होते. ऊन काचेपर्यंत पोचूच न देणे हे कधीही बरे.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या जवळून पाहा. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चौकोनी कापलेले पातळ शिंपले एकावर एक किंचित चढवून सरकवलेले असतात. प्लाकुना प्लासेंटा या कालवाचा हा शिंपला वजनाने सुमारे ९९ टक्के कॅल्साइट, म्हणजे खडूतलेच खनिज. पण इथे त्याच्या अतिसूक्ष्म पट्ट्या थरांवर थर रचलेल्या असतात आणि मधे सेंद्रिय पदार्थ नावापुरता. त्यामुळे सुमारे ८० टक्के प्रकाश पार होतो, तोही विखरून. डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि खोलीचा कोपरान् कोपरा उजळतो. २०१४मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेच्या संशोधकांनी दाखवले की टोचले तरी याची इजा तेवढ्याच जागी थांबते, तडा पसरत नाही. आता हे कालव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नव्या घरात दुधी काचेवरच भागवावे लागेल.

शिंपल्यातून पलीकडचे दिसत नाही, हे खरे. मोकळेपणा हवा असेल तर पणजीत कांपालला मांडवीकाठी वास्तुकार चार्ल्स कोरियांची कला अकादमी पाहावी. तिथली पारदर्शकता काचेवर अवलंबून नाही. रस्त्याकडून शिरावे, सावलीच्या उघड्या दालनातून चालत जावे आणि पुढे नदी यावी, अशी ती रचना आहे. डोक्यावरच्या पर्गोलामुळे, म्हणजे तुळयांच्या उघड्या जाळीमुळे, ऊन कापले जाते आणि वारा मोकळा खेळतो.

उत्तरेला काच लावली की ऊन येत नाही, हा ठोकताळा थंड देशांतला. पणजी १५.५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, आणि पाऊस येईपर्यंत उत्तरेच्या काचेवरही ऊन पडते. ते उंचावरचे असल्याने छज्जाने अडते. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून थेट आत शिरते, आणि गोव्यात समुद्र नेमका पश्चिमेला! तिथे काचेच्या बाहेर चारनंतर ओढून घेता येतील अशा सरकत्या लाकडी झडपा हव्यात, आणि त्या आराखड्यातच धरायला हव्यात, कारण नंतर बसवायच्या म्हटल्या तर त्यांना जागाच उरत नाही.